कंपनीचा मेल सर्व्हर क्लाउडवर नेताना आधी काय बघावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : सव्वाशे माणसांची कंपनी, मेल सर्व्हर ऑफिसातच आणि आता पार थकलेला, आयटीत तुम्ही एकटे. मालक म्हणतात, दिवाळीच्या सुट्टीत सगळं गूगल नाहीतर मायक्रोसॉफ्टवर टाकून मोकळे व्हा. काय काय बिघडू शकतं?

मी हे काम भोसरीतल्या एका मशिनिंग कंपनीत केलंय. १४० मेल आयडी, जिन्याखालच्या खोलीत एक सर्व्हर आणि त्याच्यासमोर रात्रंदिवस फिरणारा टेबल फॅन. तुमच्याइतकाच एकटा होतो. अनुभवावरून सांगतो, मेल हलवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. जुन्या झाडावर बांडगुळं वाढावीत तशा त्या सर्व्हरवर दहा-पंधरा वर्षांत बारीकसारीक गोष्टी येऊन चिकटलेल्या असतात. त्या कुणालाच आठवत नाहीत आणि नेमक्या त्याच दगा देतात.

आमच्याकडे गुरुवारी सुट्टी, म्हणून बुधवारी रात्री बदल केला. शुक्रवारी सकाळी मेल येतायत, जातायत, साहेबांच्या मोबाइलवरही दिसतायत. मी निवांत चहा घेतला. साडेनऊला डिस्पॅचचा फोन आला, ‘अहो, टीसी जात नाहीयेत.’ टीसी म्हणजे मालाचं टेस्ट सर्टिफिकेट. आमच्या ईआरपीत, म्हणजे कंपनीचा सगळा व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चलन बनलं की टीसीची पीडीएफ आपोआप ग्राहकाला मेल व्हायची. ती कशी जाते हे मी कधी बघितलंच नव्हतं, कारण ती जायची! ईआरपी बसवून देणाऱ्याने पूर्वी कधीतरी जुन्या सर्व्हरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि २५ नंबरचं पोर्ट (मेल आत घेण्याचं दार) टाकून ठेवलं होतं. लॉगिन नाही, पासवर्ड नाही, घरचाच सर्व्हर म्हणून सगळं उघडं. माल भरलेली गाडी चाकणला ग्राहकाच्या गेटवर उभी, आणि टीसी मेलवर आल्याशिवाय ते माल उतरवून घेईनात. दुपारपर्यंत मी माझ्या लॅपटॉपवरून एकेक पीडीएफ हाताने पाठवत बसलो होतो.

त्या दिवसात आणखी निघालं ते असं : दोन स्कॅनर, जे कागद स्कॅन करून थेट मेल करायचे. हजेरीचं मशीन, जे उशिरा येणाऱ्यांची यादी टाइम ऑफिसला पाठवायचं. पगाराची स्लिप पाठवणारं सॉफ्टवेअर तर महिनाअखेरीलाच उजेडात आलं.

म्हणून आधी जुन्या सर्व्हरचा लॉग, म्हणजे कोण कधी जोडलं त्याची नोंद काढा, आणि आठवड्याचा नको, निदान पूर्ण महिन्याचा काढा. कोणकोणत्या आयपीवरून मेल पाठवायला जोडणी येते त्याची यादी करा आणि कागद घेऊन शॉपफ्लोअरवर फिरा. प्रत्येक आयपीच्या मागे एक खोकं सापडेल. त्यातली काही इतकी जुनी असतील की नव्या पद्धतीचं लॉगिन त्यांना जमणारच नाही. पॉप आणि आयमॅप या सर्व्हरवरून मेल घेण्याच्या जुन्या पद्धतींना नुसतं यूजरनेम-पासवर्ड देऊन आत शिरणं मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून बंद करत आणलं. गूगलही त्याच वाटेने गेलं. अशा जुन्या यंत्रांसाठी ऑफिसात एक छोटा रिले ठेवायचा. तो आतल्या यंत्रांकडून मेल घेतो आणि नीट लॉगिन करून क्लाउडकडे देतो. दुसरा मार्ग म्हणजे क्लाउडवाल्यांना तुमचा स्थिर आयपी ओळखीचा करून देणं. दोन्हीकडे ती सोय आहे. आमच्याकडे एक जुना डेस्कटॉप रिले म्हणून बसवला, अजून चालू आहे.

आता पीएसटी, म्हणजे आउटलुक पीसीवर मेल साठवतं ती फाइल. हा विषय जरा सविस्तर सांगतो, कारण डेटा हरवतो तो इथेच.

स्टोअरमध्ये आमचे एक काका होते. ‘डिलीट’ हा शब्द त्यांना अपशकुनासारखा वाटायचा. त्यांचं आउटलुक पॉपवर लावलेलं. म्हणजे सर्व्हरवर आलेला मेल त्यांच्या पीसीवर उतरायचा आणि सर्व्हरवरून पुसला जायचा. मायग्रेशनच्या, म्हणजे मेल हलवणाऱ्या टूलने त्यांच्या खात्यासमोर हिरवी खूण केली, काम शंभर टक्के पूर्ण. खोटं नव्हतंच ते. सर्व्हरवर होते तेवढे ११ मेल नव्या खात्यात गेले होते. बाकीची सगळी नोकरी त्यांच्या डी ड्राइव्हवर एका ४७ जीबीच्या पीएसटी फाइलमध्ये पडून होती, तिची दुसरी कॉपी कुठेही नाही. आउटलुक २०१० पासून पीएसटीची ठरलेली मर्यादा ५० जीबी आहे, म्हणजे तीही काठाला आलेली. आणि मायक्रोसॉफ्टच्या बिझनेस प्लॅनमधला मेलबॉक्स तेव्हा किती होता? तोही ५० जीबी. पहिल्याच दिवशी नवं घर खचाखच. शेवटी काकांच्या शेजारी बसून वर्षवार फोल्डर पाडले, अलीकडच्या पाच वर्षांचे मेल वर चढवले, बाकीची पीएसटी दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवली. बसून चहा प्यायला की माणसं तयार होतात. परिपत्रक काढून होत नाहीत.

तेव्हा प्रत्येक पीसीवर पीएसटी शोधा, आकार लिहून घ्या आणि मगच लायसन्स किती मोठं घ्यायचं ते ठरवा. आयमॅपने मायग्रेशन करणार असाल तर हेही लक्षात ठेवा, त्यातून फक्त मेल जातात. कॅलेंडर आणि पत्ते मागेच राहतात, ते वेगळे न्यावे लागतात.

वेळेचा हिशेब कागदावर मांडला तर सोपा वाटतो. ६०० जीबी डेटा, अपलोडला २० एमबीपीएस, म्हणजे न थांबता पावणेतीन दिवस. आम्हाला अकरा लागले. दिवसा लाइन ऑफिसला वापरायची असते, आणि समोरचाही हवं तेवढं घेत नाही. जीमेलमध्ये आयमॅपने एका खात्यात दिवसाला ५०० एमबीच चढवता येतं. गूगलचं स्वतःचं मायग्रेशन टूल वापरलंत तर एवढं अडत नाही, पण कुणी हौशीने आउटलुकमधून फोल्डर ओढून टाकायला लागला की तिथेच रुतून बसतो. म्हणून जुने मेल दोन-तीन आठवडे आधीपासून मागच्या मागे न्यायला लागा. बदलाच्या रात्री फक्त शेवटच्या काही दिवसांचे उरले पाहिजेत.

त्या रात्रीचं मुख्य काम डीएनएसमधली (डोमेनच्या पत्त्यांची वही) एमएक्स नोंद, म्हणजे आपला मेल कोणत्या सर्व्हरवर यायचा ती ओळ, बदलण्याचं, दहा मिनिटांचं. पण डीएनएसचं लॉगिन कुणाकडे आहे? आमचं डोमेन वेबसाइट करून देणाऱ्या मुलाने स्वतःच्या खात्यात घेऊन ठेवलेलं, आणि तो एव्हाना दुसऱ्या देशात. ते कंपनीच्या नावावर आणण्यात तीन आठवडे गेले. तुम्ही हे आजच बघा, दुसरं काहीही करण्याआधी. आणि डोमेनच्या खात्याला जोडलेला ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. मेल बंद पडला की दुरुस्तीची किल्ली त्याच बंद पेटीत, असं व्हायचं.

एमएक्सचा टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतरांकडे टिकून राहायची मुदत, काही ठिकाणी ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवस असतो. दोन-तीन दिवस आधी तो ३०० वर आणा, म्हणजे बदल पाच-दहा मिनिटांत पोचतो, फसलं तर मागेही फिरता येतं. एसपीएफची नोंद, म्हणजे आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ती यादी, एकच असावी लागते. नवी घातली आणि जुनी तशीच ठेवली तर दोन्ही निकामी. डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) चालू करा, डीमार्क (बनावट मेलचं काय करायचं तो नियम) आधी ‘नन’वर, म्हणजे काही न अडवता ठेवून अहवाल बघा. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू याबाबत कडक झालेत. हे नसेल तर तुमची कोटेशन समोरच्याच्या स्पॅममध्ये जातील आणि तो म्हणेल, ‘तुमचं कोटेशन आलंच नाही.’

एक खोडी मात्र मला तीन आठवडे कळली नाही. वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म. वेबसाइटच्या होस्टिंगला वाटत होतं की आपल्या डोमेनचा मेल अजून आपणच सांभाळतो, त्यामुळे फॉर्मचे मेल बाहेर न जाता त्याच होस्टिंगवरच्या एका विसरलेल्या मेलबॉक्समध्ये साठत होते. होस्टिंग सांभाळायला सीपॅनल असेल तर त्यातल्या ईमेल राउटिंगमध्ये ‘लोकल’चं ‘रिमोट’ करायचं, बस्स. मार्केटिंगच्या साहेबांनी ‘हल्ली चौकशीच येत नाही, बाजार थंड आहे’ असं मीटिंगमध्ये सांगून टाकलं होतं.

दोन पायऱ्यांच्या लॉगिनला पर्याय नाही, ते करायचंच. पण कारखान्यात एक अडचण येते. आमच्याकडे काही विभागांत मोबाइल गेटवर जमा करावा लागतो, ग्राहकाची अट आहे. मग कोड येणार कुठे? त्या लोकांना यूएसबीची सिक्युरिटी की दिली. मायक्रोसॉफ्टच्या बिझनेस प्रीमियममध्ये ऑफिसच्या आयपीवरून वेगळा नियम लावता येतो, तोही एक मार्ग. आणि ‘परचेस’, ‘स्टोअर्स’ अशा आयडींचा पासवर्ड चार जणांना माहीत असतो, भिंतीवर चिकटवलेलाही असतो. त्यांना लायसन्स विकत घेऊ नका. मायक्रोसॉफ्टमध्ये ५० जीबीपर्यंत शेअर्ड मेलबॉक्स वेगळ्या लायसन्सशिवाय मिळतो, गूगलमध्ये ग्रुपने काम भागतं. प्रत्येक जण आपापल्या नावाने आत येतो आणि उत्तर कुणी दिलं तेही कळतं. आमची यामुळे १४० वरून ११८ लायसन्स झाली.

फाइली नेण्याबद्दल फार लिहीत नाही. मेल स्थिरावल्यावर दोन महिन्यांनी घ्या. एक्सेलमधल्या एकमेकांना जोडलेल्या शीट तुटतात, कॅडची मोठी असेंब्ली वनड्राइव्हवर ठेवू नका. एक गोष्ट मात्र खास आपल्याकडची. टाइम ऑफिसच्या पंधरा वर्षांच्या मराठी नोटिसा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या. त्या एका पीसीवर झकास दिसायच्या. क्लाउडवर टाकून साहेबांनी मोबाइलवर उघडल्या तर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला. फाइल बिघडलेली नव्हती, फॉन्ट तिथे नव्हता. लागतील तेवढ्या युनिकोडमध्ये बदलून घेतल्या, बाकीच्यांच्या पीडीएफ केल्या.

गूगल की मायक्रोसॉफ्ट, यावर मी भांडत नाही. अकाउंट्समध्ये मॅक्रो भरलेल्या एक्सेल असतील तर मायक्रोसॉफ्ट, माणसं ब्राउझरमध्येच काम करत असतील तर गूगल. मालकांना तिसरं नावही सांगा : झोहो. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचा मेल झोहोच्या प्लॅटफॉर्मवर गेलाय, पत्ते मात्र सरकारी डोमेनचेच राहिलेत. म्हणजे छोट्यांसाठीच आहे, असं म्हणायची सोय उरली नाही.

सही करण्याआधी ग्राहकांचे करार चाळा, विशेषतः संरक्षण किंवा विमानाच्या सुट्या भागांचं काम असेल तर. ड्रॉइंग कुठे ठेवायची याची अट त्यात असते. लॉस एंजेलिस महापालिकेने २००९ मध्ये जवळपास ३० हजार कर्मचाऱ्यांचा मेल गूगलवर न्यायचं ठरवलं. पोलीस खात्याच्या माहितीला एफबीआयचे सुरक्षा नियम लागू होते, ते काही जमेनात, आणि २०११ अखेर सुमारे १३ हजार जण ग्रुपवाइज या जुन्या मेल प्रणालीवरच राहिले. एवढ्या मोठ्या शहराचं हे झालं. आपल्याकडे निदान एक क्वालिटी विभाग तरी असा निघतोच.

‘आता क्लाउडवर आहे, बॅकअप कशाला?’ असं तुम्हाला ऐकवलं जाईल. जीमेलच्या कचरापेटीतून मेल ३० दिवसांनी जातो, त्यानंतर अॅडमिनला आणखी २५ दिवस मिळतात. मायक्रोसॉफ्टमध्ये पुसलेलं परत मिळण्याची मुदत मुळात १४ दिवस असते, सेटिंगमध्ये ३० करता येते. ती पहिल्याच दिवशी करा. नोकरी सोडून जाणारा माणूस जाताना मेलबॉक्स साफ करून गेला आणि तुम्हाला चौथ्या महिन्यात कळलं तर कोणी वाली नाही. वेगळा बॅकअप घ्या.

आणि दिवाळीचं म्हणाल तर माझा स्पष्ट विरोध. त्या दिवसांत तपासायला माणसं नसतात, व्हेंडर गावाला, आणि भाऊबीजेनंतर सगळे एकदम येऊन तुमच्या टेबलाभोवती उभे राहतात. साधा आठवडा निवडा. जीएसटीमुळे ११ आणि २० तारखेच्या आसपास अकाउंट्सला हात लावू नका. आधी पाच जण हलवा, त्यात एक कटकट्या माणूस मुद्दाम घ्या, फुकटात टेस्टिंग होतं.

जुना सर्व्हर लगेच बंद करू नका. आम्ही तीन महिने चालू ठेवला. बंद करायच्या दिवशी सवयीने लॉग बघितला, तर एक आयपी अजूनही रोज रात्री २ वाजून १० मिनिटांनी दार वाजवत होता. यादीत नव्हता, कुणाला माहीत नव्हता. वायर धरत धरत गेलो तर कॉम्प्रेसर रूममागच्या यूपीएसमध्ये एक नेटवर्क कार्ड निघालं. बॅटरी बदला, असा मेल ते रोज पाठवत होतं, सात वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या इलेक्ट्रिशियनच्या आयडीवर. बॅटऱ्या फुगलेल्या होत्या. त्या आधी बदलल्या, कार्डात नवा पत्ता टाकला आणि मग संध्याकाळी जिन्याखाली जाऊन सर्व्हरचं आणि त्या टेबल फॅनचं बटण बंद केलं.