थंडी वाजली की सांग

पोरी,

काल रात्री तुझा मेसेज वाचला. स्लीपिंग बॅग कुठली घेऊ, बर्फावर चालायचे स्नोशूज भाड्याने घेऊ का, अमेरिकेतल्या माउंट रेनियरच्या मझामा रिजवर, त्या डोंगरधारेवर, रात्री किती गारठा असतो, सगळं विचारलंस. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं, ‘बाकीचे चौघं मुरलेले आहेत, माझ्यामुळे त्यांचा खोळंबा नको व्हायला.’ त्या एका ओळीने माझी झोप उडाली.

बॅगेचं पुढे सांगते. आधी हे ऐक. थंडी वाजली की सांगायचं. त्याच क्षणी, मोठ्याने, पावलं थांबवून सांगायचं.

तू राजगड केलास, भर पावसात हरिश्चंद्रगड चढलीस. तुझ्या दमाची मला काळजी नाही. काळजी आहे ती आपल्याकडच्या सवयीची. कुरकुर न करणारा तो चांगला ट्रेकर, असं आपण ऐकत आलो. सह्याद्रीत ते निभावतं. कितीही भिजलो तरी खाली गावात कुणाच्या तरी घरी चूल पेटलेली असते. इथे पॅराडाइजचं पार्किंगच ५,४०० फुटांवर आहे, कळसूबाईच्या माथ्याइतकं उंच, आणि तुमची चाल सुरू होणार ती तिथून. शिवाय हिवाळ्यात खाली लागणाऱ्या लॉन्गमायरच्या वरचा रस्ता रात्री गेट लावून बंद करतात. उशिरा बोललीस आणि कशीबशी गाडीपर्यंत आलीस, तरी सकाळपर्यंत खाली उतरता येणार नाही. दुपारी दोनला भरलेली हुडहुडी दोनलाच सांगायची ती एवढ्यासाठी.

माझी बर्फातली पहिली रात्र त्याच रिजवर गेली. आम्ही चौघं होतो. चारच्या सुमारास डाव्या पायाची बोटं दुखायला लागली, मग दुखायची थांबली. मला वाटलं, बरं झालं. दुखणं थांबलं म्हणजे बोटं बधिर झाली, हे ठाऊक नव्हतं. तंबू लागेपर्यंत गप्प राहिले, कारण बाकीचे फावड्याने बर्फ सपाट करत होते. जेवताना गप्प राहिले, कारण सगळे गप्पांत रंगले होते. रात्री शेजारच्या बॅगेतून मित्राचे दात वाजलेले ऐकू येत होते. तोही जागा, मीही जागी, आणि दोघंही गप्प.

सकाळी स्टोव्ह पेटवायला त्याने लायटर घेतला. अंगठा चाकावर ठेवला, चाक फिरेना. पुन्हा ठेवला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी लायटर बर्फात पडला आणि तो त्याच्याकडे नुसता बघत राहिला. उचलायला वाकलासुद्धा नाही. माझी दोन बोटं तोवर मेणासारखी पांढरी झाली होती. पुढे फोड आले, नखं गेली, आणि अजूनही नोव्हेंबर लागला की ती दोन बोटं माझी राहत नाहीत. पण बोटांचं मला इतकं वाटत नाही. परतताना गाडीत तो म्हणाला, ‘तू काही बोलली नाहीस, म्हणून मीही बोललो नाही.’ हे मनातून जात नाही.

तू गप्प बसलीस की दुसऱ्यालाही गप्प बसवतेस. कळतंय का? त्याला तू खोळंबा वाचवणं म्हणतेस!

आणि हे नंतर सांगता येत नाही. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली जायला लागलं की विचारच मंदावतो. माणूस अडखळतो, शब्द चघळतो, हातातलं निसटतं, उगाच चिडतो, आणि वर ‘मी ठीक आहे’ म्हणतो. म्हणून डोकं ताळ्यावर आहे तोवर सांगायचं.

आता सामानाचं. बॅगेपेक्षा खालच्या मॅटवर पैसे घाल, थंडी खालून शिरते. सुती कपडा अंगावर नको, मोजेसुद्धा नकोत. तंबूची जागा स्नोशूजनी तुडवून अर्धा तास तशीच सोडा, बर्फ घट्ट धरतो. बर्फ वितळवताना पातेल्यात आधी थोडं पाणी घाल, नाहीतर तळ करपतो. बाटली उलटी ठेव, पाणी वरून गोठत येतं. बंद तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही, त्यावर वाद नको. परमिट काढा, नॉर्थवेस्ट अव्हॅलांच सेंटरचा हिमस्खलनाचा अंदाज निघायच्या सकाळी वाचा, आणि चाकांच्या साखळ्या गाडीत ठेवा. तिथे १ नोव्हेंबर ते १ मे त्या सक्तीच्याच आहेत. चालताना किंचित गार वाटलं तर चांगलंच, घाम येत नाही. थांबल्यावर अंग थरथरलं, तर ते सांगायचं.

आठ वर्षांपूर्वी रिफ्लेक्शन लेक्सच्या वाटेवर एका मैत्रिणीच्या हातातून मिटन, म्हणजे जाडा हातमोजा, दोनदा पडला. मी सगळ्यांना परत फिरवलं. दुपारचे सव्वादोन वाजले होते, रेनियर समोर लख्ख दिसत होता, आणि ती म्हणत होती, ‘मी ठीक आहे.’ रात्रही निरभ्र गेली. त्यातल्या दोघांनी मला पुन्हा कधी बोलावलं नाही. दिवाळीच्या फराळाला अजून विषय निघतो, ‘उगाच फिरवलंस.’ उगाच नव्हतं. त्यांनी आभाळ बघितलं, मी तिचा हात बघत होते. दुसऱ्यांदा मिटन पडल्यावर तिने तो उचलला आणि कुठल्या हातात घालायचा ते तिला चटकन सुचेना. ते मी पाहिलं, त्यांनी नाही पाहिलं. मी आधी एकदा लायटर पडताना पाहिला होता. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा फिरवीन, एकटी पडले तरी.

रागावले असं वाटलं असेल. थोडी रागावलेच आहे, तुझ्या त्या ओळीवर. तू जा. टिपूर चांदण्यात त्या रिजवरून डोंगर दिसतो तो तुला दिसायलाच हवा. पण गुरुवारी तुम्ही भेटाल तेव्हा त्या चौघांसमोर बोलून टाक, ‘मला थंडी वाजली की मी सांगणार, आणि आपण थांबणार.’ त्यांच्याकडूनही तेच वदवून घे. कुणी हसण्यावारी नेलं, तर त्या गटाबरोबर जाऊ नकोस.

जाडी मॅट गराजमधून काढून ठेवली आहे, निळी. शनिवारी घेऊन जा, आणि येताना बूट घालून ये. आत दोन मोजे घालून बोटं हलतात का ते मला बघायचंय.

तुझी मावशी