मोठी ड्रिल मशीन हप्त्यावर घ्यावी का?

बेसा भागातल्या एका एसी-कूलर मेकॅनिकचं पत्र आलं आहे. मार्च ते जून त्यांना महिन्याला ४५-५० हजार सुटतात, पावसाळ्यात जेमतेम १५ हजार. होल मारायची मशीन ते भाड्याने आणतात: छोटीचे दिवसाला ४०० रुपये, मोठीचे ८००. गेल्या सीझनला छोटी ५५ दिवस लागली आणि मोठी ६ दिवस. आता गांधीबागेतल्या एका दुकानदाराने त्यांना मोठी, एसडीएस मॅक्स चकची (चक म्हणजे बीट पकडणारा भाग) रोटरी हॅमर, म्हणजे ठोके देत होल मारणारी मशीन, दाखवली आहे. बीट (होल पाडणारी दांडी) आणि कोअर कटर (मोठं गोल होल कापणारा) धरून २८,००० रुपये, १२ महिने २,६५० चा हप्ता, वर ५९० फाइल चार्ज. ते विचारतात, ‘एकदाच घ्यायची तर मोठीच घेऊ का? की बायकोची पोस्टातली दोन वर्षांची आरडी मोडून रोखीने घेऊ?’

भाऊ, मशीन जरूर घ्या. पण ही नको, आणि या हप्त्यावर तर मुळीच नको.

घ्यायची का, हे तुमचा हिशोबच सांगतो. ५५ दिवसांचं भाडं २२,००० रुपये झालं. तुमच्याच पत्रातल्या दराने छोटी, २६ मिमी क्षमतेची ८०० वॉटची मशीन ९,५०० ला आणि तिचे बीट-कटर २,५०० ला येतात. म्हणजे सगळे मिळून १२,०००, तुमचं ३० दिवसांचं भाडं. मेअखेरचा नवतपा लागायच्या आत वसूल.

मोठी घेतली की छोटीचं भाडं वाचेल, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं होणार नाही. छोट्या मशीनचं चक एसडीएस प्लस असतं, त्यातल्या बीटचा दांडा १० मिमीचा. एसडीएस मॅक्सचा दांडा १८ मिमीचा. तुमच्या पेटीतला एकही बीट त्यात थेट बसणार नाही. शिवाय मॅक्सचे बीट साधारण १२ मिमीपासून पुढेच मिळतात. स्टँडच्या फास्टनरला (भिंतीत बसवायच्या बोल्टला) लागणारं १० मिमीचं होल किंवा क्लिपसाठीचं ६ मिमीचं होल मारायला तुम्हाला छोटीच लागणार. शिडीवर उभं राहून, हात वर करून ५ किलोचं धूड दिवसभर धरणं ही आणखी वेगळी शिक्षा. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवा दाबतो आणि त्या हवेचा ठोका बीटवर बसतो, म्हणून विटेच्या भिंतीत छोटी मशीनही न रेटता आत जाते. एसीच्या पाइपसाठी लागणारं ६५ मिमीचं होल या वर्गातली चांगली मशीन विटेत कोअर कटरने काढते. घेण्याआधी माहितीपत्रकात कोअर कटरचा आकडा तेवढा बघून घ्या. काँक्रीटमधल्या त्या ६ दिवसांसाठी मोठी भाड्यानेच आणा. वर्षाला ४,८०० रुपये. बीम किंवा कॉलममध्ये होल मागणाऱ्या घरमालकाला मात्र आधी इंजिनिअरला विचारायला लावा.

आता हप्ता. १२ हप्त्यांचे ३१,८०० होतात, म्हणजे व्याज ३,८००. दुकानदार याला ‘साडेतेरा टक्के’ म्हणेल. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं आणि व्याज मात्र पूर्ण २८,००० वर लावलेलं आहे. खरा दर वर्षाला २४ टक्क्यांच्या आसपास पडतो, फाइल चार्ज धरला तर २८ च्या. त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. मशीन कमावणार चार महिने, हप्ता येणार बाराही महिने. मे महिन्यात २,६५० रुपये तुम्हाला जाणवणारही नाहीत. ऑगस्टमध्ये, मुलांच्या फीच्या आणि किराण्याच्या मधोमध, तेच जड जातील. पावसाळ्यात मशीन दुसऱ्या मेकॅनिकला भाड्याने देऊन हप्ता काढू, असंही तुम्ही लिहिलं आहे. त्याचंही काम तेव्हा बसलेलंच असतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

आरडीचं बोलायचं तर दोन वर्षांत ती मोडता येणारच नाही. पोस्टात तीन वर्षं पूर्ण झाल्यावरच ती मुदतीआधी बंद करता येते, आणि तेव्हाही व्याज बचत खात्याच्या दराने मिळतं. पण १२ हप्ते भरून झाले की जमा रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, आरडीच्या दरापेक्षा २ टक्के जास्त व्याजाने. आरडी ६.७ टक्क्यांची असेल तर कर्ज ८.७ ला. महिन्याला १,००० प्रमाणे २४ हप्ते भरले आहेत, म्हणजे १२,००० च्या आसपास हाती येतील. नेमके तेवढेच हवे आहेत. फेब्रुवारीत वहिनींना सोबत घेऊन पासबुकासह पोस्टात जा, खातं त्यांचं आहे आणि सही त्यांचीच लागेल. कर्ज एकरकमी फेडता येतं, तेव्हा मेअखेर ते संपवून टाका. बँकेत अडीअडचणीसाठी ठेवलेल्या ३५,००० ना हात लावू नका. जुलै ते सप्टेंबर घर त्यावरच तरतं.

बिलाशिवाय हजार रुपये कमी करतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. मशीनवर १८ टक्के जीएसटी आहे आणि तुमची जीएसटी नोंदणी नसल्याने तो परत मिळणार नाही, हे खरं. पण बिल नसेल तर वॉरंटी विसरा, आणि भर मे महिन्यात मोटरचं आर्मेचर (फिरणारा भाग) जळलं तर वाचवलेल्या हजाराच्या कितीतरी पट कामं बुडतील. लांब, बारीक एक्स्टेंशन वायरवर मशीन चालवली की व्होल्टेज पडतं आणि मोटर तापते. तांब्याची १.५ चौरस मिमीची वायर घ्या. मोटरमधले कार्बन ब्रश झिजल्यावर ठिणग्या वाढतात, तेव्हाच बदलून घ्या.

आणखी एक. बीट सळईत अडकला की मशीन हाताला जबर हिसका देते. साइड हँडल लावल्याशिवाय शिडीवर चढू नका. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना बँकेत आजच चालू करा. वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला १ लाखाचं संरक्षण मिळतं. दवाखान्याचा खर्च त्यात येत नाही, म्हणून या सीझनची कमाई आली की कुटुंबाचा आरोग्य विमा उतरवा. त्याच्या हप्त्याचा आकडा आणि घरातल्यांची वयं मला कळवा, पॉलिसी मी बघून देतो.