दिवाणखान्यात टीव्ही किती इंची असावा?

प्रश्न : आमच्या हॉलमध्ये सोफा आणि टीव्ही समोरासमोरच्या भिंतींना असून मध्ये 10 फूट अंतर आहे. सुताराकडून करून घेतलेल्या युनिटमध्ये टीव्हीसाठी चार फूट रुंदीचा कप्पा आहे. जुना 32 इंची टीव्ही बदलताना मुलगा 55 इंचांचा हट्ट धरून बसला आहे, तर एवढ्या मोठ्या पडद्याने डोळे बिघडतील अशी सासूबाईंना भीती वाटते. काय घ्यावे?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : टीव्हीचे माप खोलीच्या लांबी-रुंदीपेक्षा डोळ्यांपासून पडद्यापर्यंतच्या अंतरावरून ठरवावे. सोफ्यावर टेकून बसलेल्या माणसाचे डोके मागच्या भिंतीपासून दीड फूट तरी पुढे असते आणि युनिटमधला टीव्हीही थोडा पुढे येतो; त्यामुळे आपल्याकडे प्रत्यक्षात आठ फूट, म्हणजे 96 इंच अंतर उरते. पडद्याने नजरेचा सुमारे 30 अंशांचा भाग व्यापावा, हा रूढ दंडक धरल्यास हे अंतर पडद्याच्या कर्णाच्या 1.6 पट असावे लागते. त्या हिशेबाने 60 इंचांपर्यंतचा पडदा चालतो, तेव्हा मुलाचे म्हणणे अवास्तव नाही.

अडचण कप्प्याची आहे. टीव्हीचे इंच हे कर्णाचे माप असते, तर सुतार रुंदी मोजतो. 55 इंची पडद्याचीच रुंदी जवळपास 122 सेंटिमीटर, म्हणजे नेमकी चार फूट भरते. त्यात चौकट धरली की तो कप्प्यात शिरणारच नाही. 50 इंची पडदा सुमारे 111 सेंटिमीटर रुंद असल्याने दोन्ही बाजूंना हवा खेळायला थोडी जागाही राहते. म्हणून युनिट मोडायचे नसेल तर 50 इंचीच घ्यावा, असे माझे मत आहे.

सासूबाईंच्या भीतीचे मूळ जुन्या काळात सापडते. 1967 साली अमेरिकेत काही रंगीत संचांतून क्ष-किरण प्रमाणाबाहेर बाहेर पडत असल्याचे उघड झाले होते. आजच्या सपाट टीव्हीत क्ष-किरण सोडणाऱ्या तशा उच्च विद्युतदाबाच्या नळ्याच नसतात. डोळे थकतात ते अंधाऱ्या खोलीत झगझगीत पडद्याकडे टक लावून पाहिल्याने, तेव्हा एखादा दिवा चालू ठेवावा. त्यांना खरा त्रास होईल तो मानेचा, जर टीव्ही उंचावर टांगला तर. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला, जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असावा.

सासूबाईंच्या मालिका साध्या, एचडी नसलेल्या वाहिन्यांवर लागत असतील, तर तेच चित्र 50 इंचांवर 32 इंचांपेक्षा पुसट दिसेल. दुकानात दाखवतात ती फोरके (अतिस्पष्ट) चित्रफीत या बाबतीत काहीच सांगत नाही. आपल्याकडे असलेल्या जोडणीची साधी वाहिनी लावून दाखवायला सांगावे. भिंतीवर न टांगता टीव्ही पायांवर ठेवायचा असेल, तर दोन पायांमधले अंतरही आधी विचारून घ्यावे, कारण बऱ्याच संचांचे पाय अगदी कडेला असतात.