विद्यापीठात सुधारणा करताना सगळ्यांना सोबत कसं घ्यायचं?

सगळ्यांना सोबत घेता येत नाही. तुमच्याकडे विभागांच्या एकत्रीकरणाचं आणि निधीवाटपाचं काम आलंय आणि प्रत्येक बैठकीत 'दर्जा घसरेल' हेच ऐकावं लागतंय, असं तुम्ही लिहिलंय. हे वाक्य मी दोन वर्षं ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

आमच्याकडे प्राथमिक संख्याशास्त्र चार विभाग वेगवेगळं शिकवायचे. अभ्यासक्रम तोच, उदाहरणंही तीच, प्रश्नपत्रिका मात्र चार. ते एकत्र शिकवावं हा प्रस्ताव माझा. अभ्यासक्रमाचे निर्णय घेणाऱ्या विद्वत परिषदेत एक विभागप्रमुख दर्जावर पाऊण तास बोलले. मी त्यांचा एकेक मुद्दा खोडत बसलो आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. दुसऱ्या दिवशी आस्थापना शाखेतल्या ताईंनी कार्यभाराचा, म्हणजे कोण आठवड्याला किती तास शिकवतं याचा, तक्ता माझ्यापुढे सरकवला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. एकत्रीकरणामुळे त्या विभागाचे आठवड्याला १२ तास कमी होणार होते, आणि तेवढ्याच तासांवर तासिका तत्त्वावरच्या एका शिक्षिकेची नेमणूक टिकून होती. त्या शिक्षिका बैठकीत नव्हत्या, त्यांना मताचा अधिकारही नव्हता. विभागप्रमुखांना त्यांचं नाव घेता येत नव्हतं, म्हणून ते दर्जावर बोलत होते.

तेव्हा दर्जा, परंपरा, स्वायत्तता असे शब्द कानावर आले की आधी कार्यभार बघा. आम्ही एकत्रित अभ्यासक्रमाच्या प्रात्यक्षिकांचे तास त्या शिक्षिकेला दिले, तसं लेखी काढलं, त्यावर कुलसचिवांची सही घेतली. पुढच्या बैठकीत ठराव चर्चेविना मंजूर झाला.

आमचे तेव्हाचे अधिष्ठाता अजूनही म्हणतात, की मी विरोधापुढे नमलो, सरळ मतदान घ्यायला हवं होतं. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. मत असतं एकाला, झळ बसते दुसऱ्याला. केंब्रिजमध्ये १८९७ साली स्त्रियांना पदवी द्यायचा ठराव मतदानाला आला, तेव्हा शिकून कधीच बाहेर पडलेले पदवीधर खास मत द्यायला परत आले आणि ठराव पडला. ज्यांच्या पदवीचा प्रश्न होता त्या स्त्रियांना मत नव्हतंच. त्यांना तिथली पूर्ण पदवी मिळायला १९४८ साल उजाडलं.

निधीवाटपाचं म्हणाल तर पहिल्या वर्षी कुणाचाच निधी कापू नका. आणि हो, पदं कमी करण्याचा आदेशच वरून आला असेल, तर माझ्यासारखी लेखी हमी देऊ नका. ती पाळता येणार नाही आणि पुढे तुमच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

तुमच्या एकत्रीकरणात नेमके कुणाचे तास जातायत, ते प्रश्नात कुठेच नाही. पुढची बैठक बोलावण्याआधी तो तक्ता मागवून घ्या.