गिधाडाचा तो फोटो काढणारा निर्दयी होता का? दुःखातल्या माणसाचे फोटो काढावेत का?

सुदानच्या दुष्काळात जमिनीवर वाकलेलं उपाशी मूल आणि मागे टपून बसलेलं गिधाड, असा तो केव्हिन कार्टरचा फोटो. त्याच्यासोबत फिरणारी, प्रश्नात तुम्हीही लिहिलेली गोष्ट मलाही दर दोन-चार महिन्यांनी फॉरवर्ड होऊन येते. फोटोग्राफरला फोनवर कुणी विचारतं, "तिथे गिधाडं किती होती?" तो म्हणतो, "एक." समोरचा म्हणतो, "दोन. दुसऱ्याच्या हातात कॅमेरा होता." असा फोन झाल्याचा पुरावा कुठेही नाही. तरी मे २०२० मध्ये स्थलांतरित मजुरांच्या सुनावणीत ती थेट सर्वोच्च न्यायालयात ऐकवली गेली.

केव्हिन कार्टर मार्च १९९३ मध्ये सुदानमधल्या आयोडला उतरला तो मदतीच्या विमानातून. सोबत जोआव सिल्व्हा हा दुसरा छायाचित्रकार होता. त्याने पुढे सांगितलं की आईबाप धान्य घ्यायला विमानाकडे धावले होते आणि पोरं तेवढ्यापुरती खाली ठेवली होती. फोटो मोठा करून मुलाचं मनगट बघा. त्यावर प्लास्टिकची पट्टी आहे, अन्नकेंद्रात नोंद झालेल्यांना बांधत तशी. म्हणजे ते मूल बेवारस नव्हतं. २०११ मध्ये एका स्पॅनिश वृत्तपत्राचे लोक त्या गावात गेले, तेव्हा बापाने सांगितलं की मुलगा त्या दुष्काळातून वाचला आणि बऱ्याच वर्षांनी तापाने गेला. हो, मुलगा. तोवर जग त्याला मुलगीच म्हणत होतं.

कार्टरने गिधाड हुसकावलं, मुलाला उचललं नाही. साथीच्या भीतीने कुणाला हात लावू नका अशी पत्रकारांना ताकीद होती म्हणतात. मी असतो तर उचललं असतं, असं घरी बसून मला नक्की वाटतं. पण न्यूयॉर्क टाइम्सने फोटो छापल्यावर वाचकांनी "मुलाचं पुढे काय झालं?" असं विचारून भंडावलं, आणि चार दिवसांनी आलेल्या खुलाशातही पक्कं उत्तर नव्हतं. मला जास्त खटकतं ते हे.

कधी मदत शक्यच नसते. नोव्हेंबर १९८५ मध्ये कोलंबियातल्या आर्मेरोत ज्वालामुखीच्या चिखलात अडकलेली तेरा वर्षांची ओमायरा सांचेझ तीन दिवस पाण्यात होती. तिला सोडवायला लागणारा पंप वेळेत आला नाही. फ्रँक फूर्निएने तिचे शेवटचे तास टिपले आणि त्यालाही शिव्या खाव्या लागल्या. पण धोक्याचे इशारे आधीच मिळालेले असताना गाव का हलवलं नाही, हा प्रश्न त्या फोटोने सरकारच्या दारात नेऊन ठेवला.

आता माझं. पंधराएक वर्षांपूर्वी मी यवतमाळ जिल्ह्यात एका दैनिकाला फोटो पुरवायचो, फोटोमागे पैसे. शेतकऱ्याने फवारणीचं औषध पिऊन जीव दिला की दुसऱ्या दिवशी आम्ही त्या घरी. फोटो ठरलेला असायचा: बाई, तिच्या हातात नवऱ्याची तसबीर, जमलं तर बाजूला लेकरू.

एका घरी मी चप्पल काढून आत गेलो. खोलीत कापूस भरलेला, बसायला जागा नाही. मी बॅगेची चेन उघडतोय तोच ती वहिनी उठली, खिळ्यावरून तसबीर काढली आणि पदराने काच पुसत म्हणाली, "भाऊ, हातात घेऊ का मांडीवर? कालच्या लोकायनं दारात उभं केलं होतं मले."

मी म्हटलं, "हातात." फोटो काढला. लाज वाटली ती गाडीवर बसल्यावर.

ती रडत नव्हती, चिडलेली होती. जमीन सासऱ्याच्या नावावर, कर्ज सावकाराचं. सरकारी एक लाखाच्या मदतीत जमीन कुणाच्या नावावर आणि कर्ज कुणाचं हे बघत, त्यामुळे फाईल अपात्र होणार हे तिला गावातल्यांनी आधीच सांगितलं होतं. हे सगळं ती मला सांगत होती आणि मी उजेड कुठून येतोय ते बघत होतो. तिच्या डोळ्यांत नुसती तिरीप चमकली होती. पेपरात तिचे अश्रू झाले. खाली ओळ होती, 'शोकाकुल पत्नी'.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: काढा, पण आधी बसा. पाणी प्या, कॅमेरा बॅगेत राहू द्या. माणूस काय सांगतोय ते ऐकून घ्या आणि फोटोखाली तेच लिहा, नाव लिहू का हेही त्यालाच विचारा. तो नको म्हणाला तर उठा. अपघाताच्या जागी मात्र हे काही नाही. तिथे आधी १०८ लावा.

त्या घरी मी वर्षभराने पुन्हा गेलो. फाईल अपात्रच झाली होती. तिने प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढून दाखवले, त्यात माझ्या फोटोचं कात्रण होतं. पुरावा म्हणून अर्जाला जोडलं होतं तिने. बाबूने ते टाचणी काढून परत दिलं होतं. म्हणाला, "यात तुमचं नाव कुठंय?"