आईला काचबिंदू आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये मल्टिफोकल लेन्स बसवावी का?

शक्यतो नको. मल्टिफोकल लेन्स डोळ्यात येणारा प्रकाश दूर आणि जवळ अशी वाटणी करून देते, त्यामुळे कॉन्ट्रास्ट, म्हणजे फिकट-गडद यातला जाणवणारा फरक, कमी होतो. काचबिंदूत तो आधीच घटलेला असतो. मग तक्त्यावर ६/६ वाचणारा पेशंटही संध्याकाळी जिन्याची पायरी चुकतो! साधी मोनोफोकल (एकाच अंतरासाठीची), त्यातही अ‍ॅस्फेरिक (कडेकडे सपाट होत जाणारी) लेन्स जास्त भरवशाची. वाचायला चष्मा लागेल, लागू दे. सिलिंडर नंबर मोठा असेल तर तो दुरुस्त करणारी टॉरिक लेन्स चालते, कारण ती प्रकाश वाटत नाही. काचबिंदू अगदी सुरुवातीचा, स्थिर आणि फील्ड टेस्ट (आजूबाजूचं किती दिसतं याची तपासणी) चांगली असेल तर काही डॉक्टर ईडॉफ लेन्स (स्पष्ट दिसण्याचा अंतराचा पल्ला वाढवणारी) सुचवतात. मात्र काचबिंदूने गेलेली नजर कुठलीच लेन्स परत आणत नाही. काचबिंदूचे थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.