वाटलं काय ते नंतर, घडलं काय ते आधी

प्रिय मुली,

प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

तुझ्या पत्रात तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. तू गायनमंडळात उभी राहतेस, सजावटीला हात लावतेस, पण आतून काहीच वाटत नाही. पंचवीस डिसेंबर हा मुळात परक्या देवाचा दिवस, असं कुणीतरी सांगितल्यापासून मन उडालं आहे. आणि नेमकी आत्ताच तरुणसंघात ‘नाताळाचा अर्थ’ यावर दहा मिनिटं बोलायची जबाबदारी तुझ्यावर आली आहे. मोकळेपणाने लिहिलंस, बरं केलंस. माझं उत्तरही तसंच मोकळं आहे, थोडं रागावशील.

तारखेचा प्रश्न सर्वांत लहान, तो आधी मिटवू. शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या जीवनाची गोष्ट सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांत, जन्माची तारीख नाही, हे खरं. 25 डिसेंबरची सर्वांत जुनी स्पष्ट नोंद 354 साली रोममध्ये सिद्ध झालेल्या एका पंचांगवजा संग्रहात मिळते, आणि त्याच संग्रहात त्याच दिवशी ‘अजिंक्या’चा, म्हणजे बहुधा सूर्यदेवाचा, जन्मदिनही नोंदला आहे. तुला सांगणाऱ्याने एवढंच वाचलेलं दिसतं. काही प्राचीन ख्रिस्ती लोक 25 मार्च हा येशूच्या गर्भधारणेचा आणि वधस्तंभाचाही दिवस मानत, त्यापुढे नऊ महिने मोजले की 25 डिसेंबर येतो, हे दुसरं स्पष्टीकरणही तितकंच गंभीरपणे मांडलं जातं. अभ्यासकांचा वाद चालू आहे, चालू दे. आर्मेनियन मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, आजही 6 जानेवारीला ख्रिस्तजन्म साजरा करते. जुलियन हे जुनं रोमी पंचांग पाळणाऱ्यांचा 25 डिसेंबर आपल्या दिनदर्शिकेत 7 जानेवारीला पडतो. यांपैकी कुणाचाही तारणारा वेगळा नाही.

आता मुख्य गोष्ट. वाटलं काय ते नंतर, घडलं काय ते आधी. हे वाक्य तुला या पत्रात पुन्हा पुन्हा दिसेल, कंटाळा आला तरी वाच.

शुभवर्तमान लिहिणारा लूक आपल्या दुसऱ्या अध्यायाची सुरुवात मेंढपाळांच्या आनंदाने करत नाही. तो रोमी सम्राट औगुस्ताची आज्ञा, सूरियाचा सुभेदार क्विरीनिय याचा कारभार आणि नावनिशी नोंदवण्याचं फर्मान सांगतो. सरकारी कागदाने सुरुवात करणारा माणूस तुला भावना विकत नाहीये. एका राज्यात, एका गावात, एका बाईच्या पोटी देव जन्माला आला, एवढंच त्याला सांगायचं आहे. दुसरा शुभवर्तमानकार योहान तेच तीन शब्दांत सांगतो: ‘शब्द देही झाला.’ पौल गलतीकरांना लिहितो की काळाची पूर्णता झाली तेव्हा देवाने आपला पुत्र पाठवला, तो स्त्रीपासून जन्मास आला. तिघांपैकी एकही विचारत नाही की तुला आज कसं वाटतंय.

आणि तरी तुझ्या त्या कोरडेपणालाच या सणात सर्वांत जास्त जागा आहे. कशी, ते सांगतो. 325 साली निकाया इथल्या परिषदेत प्रश्न होता की पुत्र हा देवाने निर्माण केलेला कुणी श्रेष्ठ जीव आहे, की पित्याशी एकाच तत्त्वाचा देव आहे. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू अरियस याचं म्हणणं पहिलं होतं, मंडळीने दुसरं धरलं. पुढे अपोलिनारियस नावाच्या बिशपने नवीन पेच टाकला: देह माणसाचा मान्य, पण ख्रिस्तात माणसाच्या बुद्धीची जागा दैवी शब्दाने, म्हणजे देवपुत्राने, घेतली होती. त्यावर चौथ्या शतकातला धर्मपंडित, नाझियान्झसचा ग्रेगरी, याचं उत्तर पाठ करून ठेव. जे त्याने धारण केलं नाही, ते बरं झालं नाही. म्हणजे हाडामांसाबरोबर माणसाचं मनही त्याने घेतलं, थकणारं, रडणारं, गेथशेमाने बागेत व्याकूळ होणारं मन. 451 साली खाल्केदोनच्या परिषदेने हेच पक्कं केलं: पूर्ण देव, पूर्ण मनुष्य, एकच व्यक्ती. तेव्हा ‘मला काही वाटत नाही’ हे तू नाताळाबाहेर उभी असल्याचं लक्षण समजू नकोस. ते कोरडं मनही त्याने घेतलेल्या मनुष्यपणातच येतं. इब्री लोकांस पत्राचा दुसरा अध्याय, 14 ते 18 ही वचनं, आजच रात्री वाच.

लोक मला हट्टी म्हणतात. आनंदाच्या सणात सिद्धांत कशाला, असं विचारतात. मला खंत याचीच आहे की आपल्या मंडळ्यांत गीतं शंभर पाठ असतात आणि योहानाच्या पहिल्या अध्यायातली अठरा वचनं कुणाला येत नाहीत. सिद्धांत काढून घेतला की उरतात दिवे, आणि दिवे तर कुणीही लावतो. मी हट्ट सोडणार नाही.

आता करायचं काय. आगमनकाळ म्हणजे नाताळापूर्वीचे चार रविवार. तो लवकरात लवकर 27 नोव्हेंबरला आणि उशिरात उशिरा 3 डिसेंबरला सुरू होतो, त्यामुळे 22 ते 28 दिवस मिळतात. या दिवसांसाठी लूकचा पहिला अध्याय पुरे, कारण त्याचे चार तुकडे आयतेच पडतात. पहिल्या आठवड्यात वचन 5 ते 25, जखऱ्या, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप. दुसऱ्यात 26 ते 38, मरीयेला देवदूताचा निरोप. तिसऱ्यात 39 ते 56, जखऱ्याची बायको अलीशिबा हिची भेट आणि मरीयेचं गीत. चौथ्यात 57 ते 80, त्याच बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्म. एक तुकडा, तोच, सातही दिवस, मोठ्याने वाचायचा. पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. ठरावीक वेळी, शक्यतो उभं राहून, आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.

तिसऱ्या दिवशी कंटाळा येईल. बहुतेकजण तिथे तुकडा बदलतात, किंवा त्यावरची प्रवचनं ऐकायला लागतात. बदलू नकोस. पहिले दोन दिवस आपण आधीपासून माहीत असलेली गोष्टच वाचत असतो, मजकूर दिसायला लागतो तो नंतर. जखऱ्या मुका झाला हे सगळ्यांना ठाऊक असतं. धूप जाळायला आत गेलेला हा म्हातारा याजक आपल्याच प्रार्थनेचं उत्तर ऐकून विश्वास ठेवत नाही, हे चौथ्या-पाचव्या वाचनाला टोचतं. दुसरी अडचण पंचांगाची. 25 डिसेंबर सोमवारी आला तर चौथा आठवडा एकाच दिवसाचा उरतो. त्या वर्षी तिसरा तुकडा चार दिवसांतच आटप आणि चौथा गुरुवारपासून सुरू कर. योहानाचा जन्म गाळून थेट गव्हाणीपाशी उडी मारायची नाही.

उपास करायचा तर पूर्वेकडच्या बऱ्याच मंडळ्यांचा नाताळापूर्वीचा उपास चाळीस दिवसांचा असतो, तो पहिल्याच वर्षी झेपणार नाही. आठवड्यातून एका दिवशी एक जेवण सोड, त्या वेळात तोच तुकडा वाच आणि वाचलेले पैसे कुणाला तरी दे. प्रकृतीची तक्रार असेल तर जेवण सोडू नकोस, दुसरं काही सोड. देह धारण करून आलेल्या देवाचा सण देहाला छळून साजरा होत नाही, आणि देहाला बाहेर ठेवूनही होत नाही.

तरुणसंघ वस्तू वाटायला जाणार आहे, असं लिहिलंस. जा. पण अर्ध्या तासात वीस घरं, प्रत्येक दारात एक फोटो, हा प्रकार मला सहन होत नाही. देव निरोप पाठवून थांबला नाही, तो येऊन राहिला. तुम्ही आठ जण असाल तर दोघादोघांनी एकेका अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे जा, पाऊण तास बसा, कमी बोला, पाणी भरून द्या, फोटो काढू नका. पुढच्या महिन्यात पुन्हा जा. दुसरी भेट झाली नाही तर पहिलीला फारसा अर्थ उरत नाही, त्या माणसालाही ते कळतं.

पंचवीस तारखेला सण संपत नाही, सुरू होतो, आणि इथेच सगळे गळतात. 26 डिसेंबर हा स्तेफनाचा दिवस, प्रेषितांची कृत्ये 6 आणि 7 वाच. गव्हाणीच्या दुसऱ्याच दिवशी मंडळीने पहिला रक्तसाक्षी, विश्वासापायी मारला गेलेला माणूस, ठेवला आहे. 28 तारखेला राजा हेरोदाच्या हुकमाने बेथलेहेमची मारली गेलेली बालकं, मत्तय 2:16 ते 18. नाताळात हेरोद नको, मुलं घाबरतात, असं म्हणून हा दिवस वगळतात. मग ज्या घरात या वर्षी मूल गेलं आहे, त्या घराने नाताळ कुठे साजरा करायचा? 1 जानेवारी, आठवा दिवस, येशूचं नाव ठेवणं, लूक 2:21. 6 जानेवारीला मागी लोक, म्हणजे ताऱ्याच्या मागे पूर्वेकडून आलेले ज्ञानी. त्यांची संख्या मत्तय सांगत नाही, देणग्या तीन म्हणून माणसं तीन झाली, आणि ते आले तेही ‘घरात’, गव्हाणीपाशी नव्हे. 2 फेब्रुवारी, चाळिसावा दिवस, मंदिरात बाळाला ओळखणारे शिमोन आणि म्हातारी हन्ना. तिथे योसेफ आणि मरीया पक्ष्यांच्या जोडीचं अर्पण करतात. लेवीय 12:8 प्रमाणे ही सवलत कोकरू न परवडणाऱ्या बाईला होती. वाचताना ती ओळ निसटू देऊ नकोस, देव कोणत्या घरात आला ते तिथे कळतं.

आता तुझी दहा मिनिटं. तीन मिनिटं नुसतं लूक 2:1 ते 20 वाच, सावकाश, अभिनय न करता. मग एकच विधान कर: हे मूल देव आहे आणि हा देव खरंच मूल आहे. मग लूक 2:7 आणि 23:53 शेजारी शेजारी ठेव. एकाच लेखकाने एकदा लिहिलं की त्याला गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, आणि एकदा लिहिलं की त्याला गुंडाळून कबरेत ठेवलं. गंधरस हा सुगंधी डिंक मागी लोकांच्या हातात होता, तोच पुढे येशूला मानणारा निकदेम त्याच्या दफनासाठी आणतो. 1223 साली ग्रेचो इथे असिसीच्या फ्रान्सिसने गवताने भरलेली गव्हाणी मांडली तेव्हा तिथे मिस्सा, म्हणजे येशूच्या बलिदानाची भाकर-द्राक्षारसाची उपासना, अर्पण झाली होती. देखावा आणि बलिदान त्याने वेगळं केलं नव्हतं. बैल आणि गाढव लूकमध्ये नाहीत, ते यशया 1:3 मधून आले. कुणी विचारलं तर सांग, पण त्यात एक मिनिटही घालवू नकोस.

लिहून झालं की एक चाचणी कर. प्रत्येक परिच्छेदातून येशूचं नाव काढ. ‘प्रेम वाटू या, शांती नांदू दे’ असला परिच्छेद नावाशिवायही धडधाकट उभा राहतो, तो कोणत्याही सणाला चालतो. खोडून टाक. नाव काढताच जो कोसळतो, तो ठेव. आणि आपल्या कोरडेपणाबद्दल व्यासपीठावरून बोलू नकोस. तो खोटा आहे म्हणून नाही. ती दहा मिनिटं तुझ्या मनाची नाहीत. घडलं ते सांग. वाटणं येईल तेव्हा येईल, कदाचित फेब्रुवारीत येईल, शिमोनापाशी.

मसुदा पुढच्या रविवारच्या आत पाठव. शेवटी ‘चला तर मग, आपण सर्वजण’ दिसलं, तर तिथून खालचं सगळं लाल शाईने जाईल.

प्रभूमध्ये तुझा,
जुना शिक्षक

ता. क. गव्हाणीच्या देखाव्यात मागी लोकांना पहिल्याच दिवशी मेंढपाळांच्या रांगेत उभं करू नका. त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि रोज थोडं पुढे सरकवा. लहान मुलांना हे काम द्या, ती विसरत नाहीत.